तुम्ही विचारलंत म्हणून: यंदा तरी व्हाइट सॉक्स सुधारणार का?

व्हाइट सॉक्स हा शिकागोचा बेसबॉल संघ, आणि माझा. दर वर्षी संक्रांत आली की हा प्रश्न मला नव्याने विचारला जातो. हळदीकुंकवाला पत्नीला सोडायला गेलो की यजमान विचारतात, ऑफिसात शेजारच्या टेबलावरचे सहकारी विचारतात, आणि रविवारी सकाळी पुण्याहून फोन करणारा दादा तर प्रकृतीची चौकशी करण्याआधी विचारतो, "काय रे, यंदा तरी तुझा संघ सुधारणार का?" आजवर मी "बघू या" एवढेच म्हणून विषय बदलत आलो. ते उत्तर प्रामाणिक नव्हते. विचारणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना उत्तर नको असते, त्यांना माझा चेहरा पाहायचा असतो, असा माझा बरीच वर्षे समज होता. तो समज सगळ्यांच्या बाबतीत खरा नसावा, म्हणून या वेळी पूर्ण उत्तर देतो.

होय, सुधारणार. 2026 च्या मोसमातल्या 162 सामन्यांपैकी 70 विजयांचा माझा अंदाज आहे.

हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. 2024 मध्ये संघाने 41 सामने जिंकले आणि 121 गमावले. आधुनिक बेसबॉलमध्ये एका मोसमात इतके पराभव दुसऱ्या कोणत्याही संघाच्या वाट्याला आलेले नाहीत, आणि तुमच्यापैकी बहुतेकांना हा संघ ठाऊक झाला तो त्याच आकड्यामुळे. 2025 मध्ये विजय 60 झाले. ते साठ विजय मोसमभर सारखे पसरलेले नव्हते. जुलैतील ऑल-स्टार सुट्टीपर्यंत (मोसमातल्या निवडक उत्तम खेळाडूंच्या सामन्यासाठीची ही सुट्टी) 97 पैकी 32 विजय होते, सुट्टीनंतरच्या 65 सामन्यांत 28. साधे त्रैराशिक मांडले तर त्या दुसऱ्या गतीने पूर्ण मोसमात सुमारे 70 विजय होतात. शिवाय एकाच धावेच्या फरकाने निकाल लागलेल्या 51 सामन्यांपैकी आपण 36 गमावले. अशा सामन्यांत अखेरच्या इनिंग्जमध्ये येणाऱ्या पिचरांचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांचा, दुबळेपणा असतो तसा दैवाचाही मोठा भाग असतो, आणि दैव सलग दोन वर्षे इतके वाईट सहसा राहत नाही.

माणसांकडे पाहिले तरी आशेला जागा आहे. कोल्सन माँटगोमरी गेल्या वसंतात खालच्या पातळीवरच्या संघात इतका चाचपडत होता की त्याला तिथून काढून फटक्याची पद्धत सुधारण्यासाठी ॲरिझोनाला पाठवावे लागले. जुलैत तो मुख्य संघात आला आणि 71 सामन्यांत त्याने 21 होमरन (थेट मैदानाबाहेर जाणारे फटके) मारले. शेन स्मिथ हा पिचर मिलवॉकीने आपल्या राखीव यादीत न ठेवल्यामुळे आपल्याला जवळजवळ फुकट मिळाला, आणि पहिल्याच वर्षी तो ऑल-स्टार ठरला. काइल टील आणि चेस माइड्रॉथ हे तरुण खेळाडू बोस्टनकडून आले. त्यांच्या बदल्यात गॅरेट क्रोशे दिला तेव्हा, डिसेंबर 2024 मध्ये, मी दोन दिवस नीट जेवलो नव्हतो. क्रोशेने तिकडे जाऊन 255 स्ट्राइकआउट घेतले (इतके फलंदाज एकट्याने बाद केले), म्हणजे माझे दुःख चुकीचे नव्हते. पण 121 सामने हरलेल्या संघाकडे एक उत्तम पिचर असून काय उपयोग होता, या प्रश्नाला तेव्हाही माझ्याकडे उत्तर नव्हते. आता जपानहून मुनेताका मुराकामी येतो आहे, दोन वर्षांसाठी 3 कोटी 40 लाख डॉलरला. 2022 मध्ये त्याने तिकडच्या लीगमध्ये 56 होमरन मारले होते. त्याचे फटके जितके चुकतात तितके इकडच्या वेगवान पिचिंगपुढे चुकले तर काय, ही भीती रास्त आहे. आपल्याकडे मात्र असा धोका पत्करण्याखेरीज दुसरे भांडवल नाही.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की भक्ताने आरती म्हटली. पिचरांची फळी पातळ आहे. ड्रू थॉर्पच्या कोपरावर गेल्या मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली, आणि असे कोपर वर्षभराने बरे झाले तरी पहिल्यासारखे होईलच असे नसते. आमच्या शेजारच्या ऑस्वेगोच्या शाळेतून निघालेला, पावणेसात फूट उंचीचा नोआ शुल्ट्झ गेल्या वर्षी गुडघ्याने त्रस्त होता. लुईस रॉबर्टला जानेवारीत न्यूयॉर्क मेट्सकडे पाठवले. यंदाच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, पहिली निवड आपली आहे खरी, पण त्यातून आलेला मुलगा मुख्य संघात खेळेपर्यंत दोन-तीन वर्षे सहज जातात. (तुमच्यापैकी काहींना वाटते की सर्वांत जास्त हरणाऱ्याला आपोआप पहिली निवड मिळते. 121 पराभवांनंतर आम्हाला दहावी मिळाली होती, कारण मोठ्या शहरांच्या संघांना लागोपाठ दोन वर्षे वरच्या निवडी मिळू नयेत असा नियम आहे.)

इथपर्यंतचे उत्तर मी कुणालाही देऊ शकलो असतो. दिले नाही, कारण असेच उत्तर मी एकदा देऊन बसलो आहे.

2021 मध्ये संघाने 93 सामने जिंकले आणि आपला विभाग जिंकला. त्या ऑगस्टमध्ये आयोवातील मक्याच्या शेतात उभारलेल्या मैदानावर टिम अँडरसनने अखेरचा होमरन मारून यँकीजना हरवले, आणि मी दिवाणखान्यात उभा राहून रडलो. त्या दिवाळीत, ह्यूस्टनकडून पहिल्याच मालिकेत हरून महिना उलटला नव्हता तरी, जमलेल्या सगळ्यांना मी ठणकावून सांगितले होते की पुढची दहा वर्षे हा संघ आपल्याला आनंद देणार आहे. मॉन्काडा, हिमेनेझ, रॉबर्ट, जियोलिटो अशी नावे घेऊन, प्रत्येकाचे वय सांगून मी ते पटवून दिले होते. दोन वर्षांनी संघ 101 सामने हरला, आणि त्या नावांपैकी आज एकही आमच्याकडे नाही. तेव्हाच्या मला मूर्ख म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण मी तसे म्हणणार नाही. माझी माहिती बरोबर होती. वये बरोबर होती, गुणही खरे होते. दुखापती येतील, मागे दुसरी फळी नाही, एवढे मी पाहिले नव्हते. आज माँटगोमरी आणि टीलबद्दल बोलताना मी त्याच सुरात बोलतो आहे हे मला ऐकू येते, आणि म्हणून मी "बघू या" म्हणतो.

दुसरे कारण अधिक अवघड आहे, आणि ते मी आजवर घराबाहेर सांगितलेले नाही.

22 सप्टेंबर 2024 रोजी, रविवारी, सॅन डिएगोत संघ 120 वा सामना हरला आणि 1962 च्या मेट्सच्या सर्वाधिक पराभवांच्या विक्रमाशी बरोबरी झाली. पुढचे तीन सामने घरच्या मैदानावर, एंजल्सशी होते. मंगळवारची दोन तिकिटे मी त्याच रात्री काढली. मुलगा तेव्हा सोळा वर्षांचा होता, दुसऱ्या दिवशी त्याची शाळा होती, तरी त्याला बरोबर घेतले. का जायचे, असे पत्नीने विचारले तेव्हा मी म्हणालो की वाईट दिवसांत साथ सोडू नये.

2005 मध्ये, मी या देशात नवा असताना, आमच्या इमारतीत एक निवृत्त बसचालक राहत असत. 88 वर्षांनी संघाने जगज्जेतेपद मिळवले त्या मोसमात त्यांनी मला स्कोअरची वही भरायला शिकवले. चौकोनात चौकोन, प्रत्येक फलंदाजाची वाट रेघेने काढायची, चेंडू नुसता बघत उभा राहून बाद झाला तर इंग्रजी के उलटा काढायचा. त्यांचा एक नियम होता: पानावर तारीख पेनाने लिहावी, बाकी सगळे पेन्सिलीने. एकोणीस वर्षे मी तो पाळला. ते आज नाहीत. तुम्ही "शिकागोतच राहता तर मग कब्जच्या (शहरातल्या दुसऱ्या संघाच्या) बाजूने का नाही?" असे विचारता, त्याचे उत्तर ती वही आहे, मला वेगळे उत्तर कधी सुचलेले नाही.

त्या मंगळवारी मैदानाबाहेर नेहमीसारखा तव्यावरच्या कांद्याचा वास होता आणि आत नेहमीपेक्षा जास्त गर्दी. लोक पराभव बघायला आले होते, आणि ते लपवतही नव्हते. मालकांनी संघ विकावा, अशा घोषणा अधूनमधून उठत होत्या. त्या घोषणांमागचा राग मला समजतो. तो माझाही आहे. नऊपैकी आठव्या इनिंगला आपण दोन धावांनी मागे होतो, आणि सातव्या इनिंगनंतर मागे असताना त्या मोसमात आपण एकही सामना जिंकलेला नव्हता. मग धावा होऊ लागल्या. एक, दोन, तीन. मुलगा उभा राहून ओरडत होता. मी बसून राहिलो.

त्याने खाली पाहिले. माझ्या मांडीवर वही उघडी होती आणि तिच्या उजव्या कोपऱ्यात, तारखेच्या खाली, 121 असे लिहिलेले होते. ते मी घरून निघताना स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिले होते, पेनाने.

"बाबा, तुम्ही हे आधीच लिहून आणलंत?" त्याने विचारले.

मी काहीतरी बोललो. काय बोललो ते आठवत नाही. त्याने वही माझ्या मांडीवरून उचलली, माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि उरलेले चौकोन तो भरत बसला. आपण 3-2 ने जिंकलो. परतताना औरोरातल्या घरापर्यंतच्या तासाभरात आमच्यात जेमतेम दोन वाक्ये झाली असतील. संघाने पुढचे दोन्ही सामनेही जिंकले, आणि शुक्रवारी डेट्रॉइटमध्ये 121 वा पराभव झाला तेव्हा मुलगा वर आपल्या खोलीत होता. मी टीव्ही बंद करून त्याला सांगायला गेलो नाही.

मी स्वतःची बाजू अनेकदा मांडून पाहिली आहे. विक्रम होणारच होता, तो आपल्या माणसांच्या डोळ्यांदेखत व्हावा, असे मला वाटले असेल. ही इच्छा अगदी हीन नाही. पण त्या क्षणी मला संघ हरायला हवा होता, आणि तो जिंकू लागला तेव्हा माझी निराशा झाली, हे खरे आहे. साथ सोडू नये म्हणून गेलो होतो, हे मी पत्नीला सांगितले ते खोटे होते का, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

म्हणून तुम्ही विचारता तेव्हा माझ्यापुढे दोन प्रश्न येतात, एक संघाचा आणि एक माझा. संघाचे मी वर सांगितले: 70, आणि दोन पिचरांची कोपरे धड राहिली तर थोडे अधिक. मुलगा या ऑगस्टमध्ये कॉलेजला जाईल. गेल्या आठवड्यात मी त्याला माझा आकडा सांगितला तर त्याला राग आला. त्याच्या मते सत्तरला सुधारणा म्हणणे हा संघाचा अपमान आहे. सप्टेंबर उजाडला तरी सामन्यांना अर्थ उरला पाहिजे, आणि त्यासाठी ऐंशी लागतात. ऐंशी होतील असे आज कुणीही जबाबदारीने सांगू शकणार नाही, असे मी म्हणालो आणि मुराकामीपासून पुन्हा सगळी नावे मोजून दाखवली. त्याने ऐकून घेतले आणि विचारले की तुम्हाला सत्तर पुरेसे का वाटतात. तेवढेच शक्य आहे म्हणून, असे मी उत्तर दिले. ते शक्यतेमुळे आहे की त्या मंगळवारनंतर जास्त मागण्याचा मला हक्क वाटत नाही म्हणून, हे त्याला सांगता आले नाही, आणि तुम्हालाही सांगता येत नाही.