वॉशिंग्टन नावाचं मूळ गाव

इंग्लंडच्या ईशान्येला, आमच्या संडरलंडच्या शेजारीच वॉशिंग्टन आहे. भारतातून आलेले पाहुणे रस्त्यावरची पाटी वाचून हमखास विचारतात, "हे अमेरिकेतल्या वॉशिंग्टनवरून का?" खरं तर उलट आहे. नाव आधी इथलं. ते गावावरून माणसाला मिळालं आणि माणसावरून राजधानीला.

बाराव्या शतकात विल्यम नावाचा एक सरदार हर्टबर्न गावी राहायचा, म्हणून तो विल्यम डी हर्टबर्न. त्याने डरहमच्या बिशपला हर्टबर्न देऊन बदल्यात वेसिंग्टन, म्हणजे आजचं वॉशिंग्टन, घेतलं. बिशपच्या जमिनींची ११८३ सालची एक नोंदवही आहे, 'बोल्डन बुक'. तिच्यात ही अदलाबदल नोंदलेली आहे आणि वर्षाचा खंडही: चार पौंड. गाव बदललं तसं नाव बदललं, विल्यम डी वेसिंग्टन! तेव्हाचं आडनाव असं जमिनीला बांधलेलं असे. आपल्याकडे दीनानाथांनी मंगेशीवरून मंगेशकर हे नाव घेतलं, तेही गावाशी असलेल्या नात्यापोटीच.

पुढे मात्र वंशजांनी गाव सोडलं तरी नाव सोडलं नाही. एक शाखा लँकेशायरला गेली, तिथून नॉर्थम्प्टनशायरला. तिथे लॉरेन्स वॉशिंग्टनने १५३९ मध्ये सल्ग्रेव्हची जमीन विकत घेतली. त्याच घराण्यातला जॉन १६५६ च्या सुमारास व्हर्जिनियात पोचला. जॉर्ज वॉशिंग्टन हा त्याचा पणतू.

गावातला 'ओल्ड हॉल' आजच्या रूपात सतराव्या शतकातला, पण त्यात वॉशिंग्टनांच्या जुन्या घराचे काही भाग शिल्लक आहेत. मधल्या काळात तिथे गरीब कुटुंबं दाटीवाटीने राहिली, आणि १९३६ मध्ये तो पाडायचं घाटत होतं. फ्रेड हिल या स्थानिक शिक्षकाने लोकांना उभं करून तो वाचवला. अशा माणसांविषयी मला फार आदर वाटतो. १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर मुद्दाम हे गाव बघायला आले होते.

पण या नावाचा सर्वांत मोठा भाग अजून राहिलाच. २००० च्या अमेरिकी जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाचे सुमारे ९० टक्के लोक कृष्णवर्णीय होते. गुलामगिरी संपल्यावर अनेकांनी आडनाव स्वतः निवडलं. व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मलेल्या बुकरचंच बघा. शाळेत हजेरी घेताना बाकीच्या मुलांना दोन-दोन नावं, याला एकच. त्याची पाळी आली तेव्हा त्याने शांतपणे सांगितलं, बुकर वॉशिंग्टन. विल्यमला हे नाव जमिनीबरोबर आलं, जॉर्जला वारशाने. या मुलाने ते स्वतः उच्चारून आपलं केलं, आणि १८८१ मध्ये अलाबामात टस्कीगीची शाळा उभारायला घेतली. या आडनावाच्या आठशे वर्षांत मला तोच सगळ्यांत मोठा वाटतो.