तुम्ही विचारलंत म्हणून: फ्राइज घरीच कशाला?

“लोडेड फ्राइज, त्या चीज सॉस ओतलेल्या, ही काय घरी करायची गोष्ट आहे? फोन केला की दारात येतात. एवढा घाट कशाला घालतेस?” जाऊबाई विचारतात, ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात, लेकीच्या वर्गातल्या मुलांच्या आया विचारतात. त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतोच: “आणि एखाद्या वेळी बाहेरचं खाल्लं तर काय होतंय तिला?” आजवर मी विषय बदलत आले. आता एकदा नीट सांगते.

लेकीला सिलिॲक हा आजार आहे हे तुम्हाला माहीत आहे. गहू, मैदा, रवा, जव कायमचं बंद. निदान कसं झालं, किती डॉक्टर झाले, ते पुन्हा उगाळत नाही. फक्त तुमच्या ‘एखाद्या वेळी’बद्दल बोलते. ग्लुटेन, म्हणजे गहू-जवातलं प्रथिन, पोटात गेलं की तिचं शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं. अन्नरस शोषून घेणारे तिथले बारीक उंचवटे झिजतात. लोह लागत नाही, उंची खुंटते, हाडं कच्ची राहतात. आपल्याकडे एखाद्या पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन त्यात चालत नाही. तुमचा ‘एक घास’ या हिशेबात बसवून बघा. हे आजकालचं खूळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय आधीपासून होता. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, तेव्हा आजूबाजूला सगळे उपाशी असताना सिलिॲकची आजारी मुलं सुधारली. पाव परत आला आणि ती पुन्हा आजारी पडली. ऐंशी वर्षं होऊन गेली त्याला.

“पण फ्राइज तर बटाट्याच्याच ना?” हेच मला त्या दिवशी काउंटरवर सांगितलं गेलं होतं. नाव घेत नाही, मोठ्या साखळीतलं दुकान होतं. लेक पाचवीत होती, वर्गमैत्रिणीचा वाढदिवस होता. मी आदल्या दिवशी फोन करून विचारलं, त्या दिवशी स्वतः जाऊन पुन्हा विचारलं. बर्गर नको, केक नको, तिचा डबा मी देणारच होते. फक्त साध्या फ्राइज चालतील का? “फक्त बटाटा आणि मीठ, मॅडम,” असं उत्तर मिळालं. पाकीट दाखवता का म्हटलं तर पाकीट आत असतं म्हणाले. इतर मुलांबरोबर, त्याच टेबलावर, तोच कागदी पुडा तिच्या हातात आला. तिचा चेहरा मी काचेबाहेरून पाहिला. सगळ्यांसारखी दिसत होती ती. तेवढ्यासाठीच तर मी विचारत फिरले होते.

रात्री साडेनऊला उलट्या सुरू झाल्या आणि पहाटेपर्यंत थांबल्या नाहीत. पोट टम्म फुगलेलं, हातपाय गार. आम्ही तिला दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. पुढचे कित्येक दिवस ती नुसती पडून होती, वाचायलाही उठवत नव्हतं तिला. नंतर मी पुन्हा त्या दुकानात गेले तेव्हा पाकीट बघायला मिळालं. फ्राइज कुरकुरीत राहाव्यात म्हणून त्यांना पिठाचं पातळ आवरण देतात. ते कधी तांदळाचं असतं, कधी गव्हाचं. या पाकिटावर गहू छापलेला होता, बारीक अक्षरात. वर त्याच तेलात ब्रेडक्रम्ब लावलेले पॅटिस तळले जात होते. तेल कितीही कडकडीत असलं तरी ग्लुटेन जळून जात नाही. गव्हाच्या पुऱ्या तळलेलं तेल म्हणजे तिच्यासाठी गहूच.

तरी मला लागलं ते वेगळंच. दोनेक महिन्यांनी शाळेच्या फाटकाशी एका मुलाची आई मला सहज म्हणाली, “तुमच्या मुलीला फ्राइज आवडत नाहीत ना? काल आमच्याकडे पोरं मागवत होती, तर ही म्हणाली, मला मुळात आवडतच नाहीत.” फ्राइज आवडत नाहीत! टीव्हीवर जाहिरात लागली की जिचं जेवण थांबायचं तिला? घरी येऊन मी विचारलं. ती म्हणाली, “आई, चालत नाही म्हटलं की सगळे कारण विचारतात. आवडत नाही म्हटलं की कोणी काही विचारत नाही.” दहा वर्षांची होती.

त्या वाक्याच्या आधीची मी आणि नंतरची मी यांचं भांडण अजून मिटलेलं नाही. आधीची मी म्हणायची, आपण भाकरीची माणसं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, सगळं पोरीला चालतं. दुसऱ्या मुलखातल्या सिलिॲकच्या मुलांना जे शोधत फिरावं लागतं ते आपल्या डब्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे. मग त्या तळणीचा, त्या चीजचा सोस कशाला? मी रताळ्याचे काप भाजून देत होते, नाचणीचे चिप्स करत होते. ती निमूट खायची. आणि ती आधीची बाई चुकीचं बोलत होती असं मी आजही म्हणणार नाही. या मुलांच्या पोटात लोह जायला हवं, कॅल्शियम जायला हवं, आणि चीज ओतलेल्या तळलेल्या बटाट्याने ते काम होत नाही. पण रताळं खाऊन लेकीला काय कळत होतं? तिच्या वाट्याला नेहमी बदली पदार्थच येणार, हेच. मला तिला पौष्टिक पर्याय द्यायचा नव्हता. बाकीची मुलं खातात ते, तसंच, तितकंच तेलकट, तितकंच चीज ओघळणारं द्यायचं होतं. यासाठी हा घाट आहे. हेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

आता कसं करते तेही सांगते, कारण ‘तशाच’ होणं हा यातला कळीचा भाग आहे. मऊ पडलेल्या फ्राइज दिल्या तर ते पुन्हा रताळंच झालं.

बटाटा आधी. उन्हाळ्यात वेफर्स आणि कीस घालणाऱ्या बायकांना हे वेगळं सांगायला नको: कोल्ड स्टोरेजचा बटाटा गोड लागतो आणि तळला की लाल होतो. थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते, म्हणून. त्याच कारणासाठी बटाटे फ्रिजमध्ये ठेवायचे नाहीत. नव्या कोवळ्या बटाट्यात पाणी फार, त्याच्या फ्राइज लिबलिबीत होतात. मी आमच्या बटाटेवाल्या काकांकडे वेफर्सचा बटाटा मागते. मिळाला तर चिप्सोना. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने 1998 मध्ये आणलेली कुफरी चिप्सोना ही जात मुद्दाम चिप्ससाठीच तयार केलेली आहे: साखर कमी, सुका अंश वीस टक्क्यांच्या वर. दर वेळी मिळत नाही. नाही मिळाला की मी बेत पुढे ढकलते, लेक रुसते.

बोटाएवढे, साधारण एक सेंटिमीटर जाडीचे काप. पाणी नितळ येईपर्यंत धुवायचे. मग मीठ आणि लिटरमागे एक मोठा चमचा व्हिनेगर घातलेल्या पाण्यात, सुरी सहज जाईल इतपत उकडायचे. व्हिनेगरमुळे काप मोडत नाहीत. पंचावर पसरून पार कोरडे करायचे. पहिलं तळण 160 अंशाला, रंग येऊ न देता. मग गार करून रात्रभर फ्रीजरमध्ये. दुसरं तळण खायच्या वेळी, 190 अंशाला, थोडे थोडे काप घालून. एकदम भरले की तेल थंड होतं आणि काप तेल पितात. मी तेलाचा थर्मामीटर घेतला आहे. कढई, झारा, चाळण सगळं वेगळं, लाल दोरा बांधलेलं. त्यात आमच्या घरी दुसरं काहीही तळलं जात नाही, दिवाळीतसुद्धा.

सॉस बाहेर बहुतेक मैद्यावर करतात. मी कपभर गार दुधात चमचाभर कॉर्नफ्लोअर कालवते, त्याच्या पाकिटावरचे घटकही वाचून घेते. मंद आचेवर दाट होऊ लागलं की प्रोसेस्ड चीज किसून घालते. इथे भारी चेडरपेक्षा साधे क्यूबच बरे. त्यात तूप आणि पाणी एकत्र धरून ठेवणारं लवण घातलेलं असतं, त्यामुळे तूप सुटत नाही आणि सॉस गुळगुळीत राहतो. रंगाला काश्मिरी मिरची, आंबटपणाला हालापिन्यो मिरचीच्या बाटलीतलं थोडं पाणी. वर खिमा, नाहीतर ठेचलेला राजमा, कांदा-लसूण मसाला घालून. मसाला घरचा, कारण विकतच्यात हिंग असतो आणि बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. खडा हिंग चालतो. बहुतेक सोया सॉसमध्येही गहू असतो, हे मला निदान झाल्यावर कळलं. सॉस ओतायचा तो ताटलीत, शेवटच्या क्षणी, खाणारे बसल्यावर. डबाबंद होऊन येणाऱ्या फ्राइज वाफेनेच मऊ होतात, तेव्हा तुमच्या ‘फोन केला की दारात’ला हेही उत्तर आहे, सिलिॲक नसलं तरी.

पहिल्यांदा नीट जमलं तेव्हा लेकीने मैत्रिणींना घरी बोलावलं. एक मुलगी ताटली पुढे ओढत म्हणाली, “तुला आवडत नाहीत ना?” लेक म्हणाली, “आमच्याकडच्या आवडतात.” मला खूप बरं वाटलं. रात्री मात्र झोप लागली नाही. आमच्याकडच्याच. म्हणजे जग तिच्या घरी येतंय, ती जगात जात नाहीये. मी तिला मोकळं केलं की घराला आणखी घट्ट बांधलं, मला सांगता येत नाही. यांचं म्हणणं, तिने हॉटेलात उभं राहून विचारायला शिकावं, पाकीट मागावं, नाही दाखवलं तर उठून यावं. बरोबर आहे. पण मीही विचारलंच होतं. दोनदा.

पुढच्या वर्षी दहावी. नंतर पुण्याला जायचं म्हणते. हॉस्टेलची मेस कशी असेल, स्वतःची कढई ठेवू देतील का, याची मी आतापासून चौकशी करते आणि तिला ते आवडत नाही. “तू माझ्यासाठी विचारणं बंद कर, मी विचारेन,” असं परवाच म्हणाली. मी हो म्हटलं. फोन मात्र करतेच आहे.

तर यापुढे कशाला विचारू नका. खायला यायचं असेल तर या, मला आनंदच आहे. दोन दिवस आधी कळवा, बटाटे आदल्या दिवशी उकडावे लागतात. येताना केक, बिस्किटं, खारी आणू नका. चपाती खाऊन आला असाल तर हात धुऊन बसा. आणि तिच्या ताटलीतल्या फ्राइजला हात लावायच्या आधी तिला विचारा.