होय, मी जुन्या मताचा आहे

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. "एवढं शिकलात, आयुष्यभर शिकवलंत, तरी असे जुन्या मताचे कसे?" पुण्याहून वाईला येणारे पाहुणे हे विचारतात, हल्ली माझे माजी विद्यार्थीही विचारतात. होय, मी जुन्या मताचा आहे. आणि ते मत वाईतच घडलं.

जी गोष्ट पिढ्यानपिढ्या टिकली, तिच्यात काही शहाणपण असणार असं मी धरून चालतो. ती मोडायची असेल तर का मोडायची, हे मोडणाऱ्याने पटवून द्यावं. पटलं, तर मात्र राखणाऱ्याने हट्ट सोडावा.

इथे लगेच अस्पृश्यतेचं काय, असं विचारतात. विचारायलाच हवं. म्हणून मी वाईच्या प्राज्ञपाठशाळेचं, म्हणजे इथल्या संस्कृत शास्त्रांच्या पाठशाळेचं, उदाहरण देतो. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांच्या हाताखाली तिथे मुलं शास्त्रं शिकत, तीही घोटून. त्यांचेच शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. अस्पृश्यतेला धर्माचा आधार नाही, हे सांगताना गांधीजींच्या बाजूने शास्त्रार्थ करायला ते उभे राहिले. १९३३ साली गांधीजींचे चिरंजीव देवदास आणि राजगोपालाचारींची मुलगी लक्ष्मी यांचं पुण्यात लग्न झालं, आंतरजातीय. त्याचं पौरोहित्य तर्कतीर्थांनी केलं. सनातन्यांना ते झोंबलं, पण ज्याला ग्रंथ मुखोद्गत आहेत त्याला "तुला धर्मातलं काय कळतं" असं म्हणायची सोय नव्हती. पुढे ते रॉयवादी, म्हणजे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे झाले, माझ्या मतांपासून पुष्कळ दूर गेले. तरी सुधारक म्हटलं की मला तेच आठवतात. न वाचता टाकून देणाऱ्यांचं मला काही पटत नाही, न वाचता कवटाळणाऱ्यांचंही नाही.

धर्म मला चर्चेत कमी आणि कृष्णाबाईच्या, म्हणजे आमच्या कृष्णा नदीच्या, उत्सवात जास्त भेटतो. घाटाघाटांवर उत्सव होतो, मांडव पडतो, कीर्तन होतं, पंगती उठतात. एरवी लॅपटॉपसमोर बसणारी पोरं रजा काढून येतात, कमरेला उपरणं बांधतात आणि बादली-पळी घेऊन वाकून आमटी वाढतात. मीठ, लिंबू, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे, हे त्यांना कुणी वर्गात शिकवलेलं नाही. चुकलं की शेजारची आजी पानावरूनच ओरडते. पूर्वी पंगती जातीने बसत. ते गेलं, जायलाच हवं होतं, आणि ते घालवायला उत्सव बंद करावा लागला नाही.

शिक्षणाबद्दल माझं म्हणणं थोडक्यात असं: लहान पोरांना मराठीतून शिकवा, पाढे पाठ करून घ्या, संध्याकाळी घर शांत ठेवा. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. कायदा नाही, दंड नाही, गावाने ठरवलं. माझं राजकारण म्हणाल तर ते असं आहे. जे गावाला जमतं ते गावाने करावं. रयत शिक्षण संस्थेचे कर्मवीर भाऊराव पाटील सत्यशोधकी वळणाचे, त्यांना मी माझ्या पंक्तीत ओढणार नाही. पण सातारच्या बोर्डिंगातल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, सरकारी मंजुरीची वाट बघत बसल्या नाहीत, हे मी प्रत्येक बॅचला सांगत आलो.

आता जे "संस्कृती, संस्कृती" म्हणत मतं मागायला येतात, त्यांच्याबद्दल. विसर्जनाला छाती हादरवणारा डीजे, घाटावर कृष्णामाईची आरती आणि त्याच पाण्यात सांडपाणी, याला मी परंपरा म्हणत नाही. दारात आलेल्या उमेदवाराला मी चहा देतो आणि गटाराचं पाणी नदीत जायचं कधी थांबणार ते विचारतो. पक्ष माझ्या विचारांचा असला तर जरा जास्तच विचारतो.