ब्रेक पॅडचा हिशेब: रुपये भागिले मिलिमीटर

ट्रॅक डेचा, म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या बंद ट्रॅकवर वेगात चालवण्याच्या दिवसाचा, खर्च विचारणाऱ्याला साधारणपणे तीन गोष्टी सांगितल्या जातात: प्रवेश शुल्क, पेट्रोल आणि टायर. ब्रेक पॅडचा विषय निघालाच, तर तो ‘तेही जरा लवकर घासतात’ एवढ्यावर आटोपतो. टायर महाग असतात आणि एकूण खर्चात बहुधा तेच पुढे राहतात, हे मान्य. पण टायरची झीज चालता चालता डोळ्यांना दिसते. पॅड मात्र चाकाआड कॅलिपरमध्ये, म्हणजे त्यांना डिस्कवर (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीवर) दाबणाऱ्या चिमट्यात, बसलेले असतात आणि त्यांच्या झिजेचा वेग तापमानाबरोबर एकाएकी बदलतो. त्यामुळे ‘एक सेट इतके हजार किलोमीटर चालतो’ ही शहरातली मोजणी येथे लागू पडत नाही. मी हा हिशेब किलोमीटरमध्ये करणे सोडून दिले आहे. का, ते सविस्तर लिहितो.

गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे शाळेतले सूत्र. माझी फोक्सवॅगन पोलो चालकासह आणि निम्म्या टाकीसह सुमारे १,२०० किलो भरते असे धरले, तर ताशी १६० किलोमीटरवरून ८० वर येताना तिला सुमारे ८९० किलोज्यूल ऊर्जा टाकून द्यावी लागते. ८० वरून पूर्ण थांबण्यासाठी मात्र साधारण ३०० किलोज्यूलच लागतात. वेगाचा वरचा अर्धा भाग असा खालच्या अर्ध्याच्या तिप्पट महाग पडतो, आणि ट्रॅकवर आपण जवळजवळ सगळे ब्रेक या वरच्या भागातच लावत असतो.

नाशिकच्या माणसाला हा आकडा कसारा घाटाच्या मापाने लवकर कळेल. इगतपुरीकडून कसाऱ्याला उतरताना उंची सुमारे ३०० मीटरने कमी होते. वरची १,२०० किलोची गाडी हा घाट पूर्णपणे ब्रेकवर उतरली, म्हणजे इंजिनाचा आणि हवेचा अडथळा अजिबात धरला नाही, तरी ब्रेकमध्ये जाणारी ऊर्जा साडेतीन मेगाज्यूलच्या आसपास भरते. वरच्या हिशेबातले चार ब्रेक म्हणजे जवळपास तेवढीच ऊर्जा. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटची एक फेरी ५.१२५ किलोमीटरची आहे आणि तिच्यात किलोमीटरभराहून लांब सरळ पट्टा आहे. तेथे साध्या हॅचबॅकलाही एवढी उष्णता साठवायला एक-दोन फेऱ्या पुरतात. घाटात जे काम मिनिटांवर पसरलेले असते आणि ज्यात दुसरा-तिसरा गिअर मोठा वाटा उचलतो, ते येथे काही सेकंदांच्या तुकड्यांत आणि बहुतांशी पुढच्या दोन डिस्कवर होते.

ही उष्णता डिस्कमध्ये किती चढते, तेही ढोबळमानाने काढता येते. ब्रेक लावताना वजन पुढे झुकते, म्हणून कामाचा सुमारे ७० टक्के वाटा पुढच्या चाकांचा धरू. मग ८९० पैकी प्रत्येक पुढच्या डिस्कच्या वाट्याला ३१० किलोज्यूल येतात. डिस्क पाच किलो ओतीव लोखंडाची असली, तर एका ब्रेकमध्ये तिचे तापमान सुमारे १३५ अंशांनी वाढते. पुढच्या वळणापर्यंत हवा त्यातले काही काढून नेते, पण सगळे नाही. दोन फेऱ्यांनंतर डिस्क तीनशेच्या पुढे गेलेली असणे, ही म्हणूनच अगदी सामान्य गोष्ट आहे.

साध्या पॅडचे गणित येथून बिघडते. पॅडमधले तंतू, धातूचे कण आणि घर्षण वाढवणारी द्रव्ये फिनॉलिक राळेने बांधलेली असतात. तापमान त्या राळेच्या सोसण्यापलीकडे गेले की ती विघटित होऊ लागते. मग पॅड नुसता घासत नाही, तर वरच्या थरातून सुटून जाऊ लागतो. ब्रेकची पकड कमी होते, चालक पेडल अधिक जोराने आणि अधिक वेळ दाबतो, उष्णता आणखी वाढते. शहरात वर्षभरात जेवढा थर जातो, तेवढा काही सत्रांत जाऊ शकतो तो यामुळेच. ट्रॅकचा पॅड कठीण असतो म्हणून टिकतो, असा एक समज आहे. त्याच्या टिकण्याचे खरे कारण, त्याची राळ आणि मिश्रण सहाशे अंशांच्या आसपासही शाबूत राहील असे बनवलेले असते, हे आहे.

आता पैसे. पॅडची खरी किंमत मी अशी काढतो: सेटची किंमत भागिले ट्रॅकवर वापरता येणारे मिलिमीटर, आणि आलेल्या आकड्याला एका दिवसात गेलेल्या मिलिमीटरांनी गुणायचे. गाडीप्रमाणे आणि दुकानाप्रमाणे भाव बदलतात, म्हणून उदाहरणासाठी गोल आकडे घेतो. समजा, साधा सेट ४,००० रुपयांचा आणि ट्रॅकचा सेट १५,००० रुपयांचा आहे, आणि दोन्हींचा घर्षणाचा थर ११ मिमी आहे. ट्रॅकवर मी ५ मिमीखाली पॅड जाऊ देत नाही, म्हणजे दोन्हींचे वापरण्याजोगे ६ मिमी झाले. साध्याचा एक मिलिमीटर सुमारे ६७० रुपयांना पडला आणि ट्रॅकच्या पॅडचा २,५००. साधा पॅड दिवसाला ४ मिमी जात असेल आणि दुसरा १ मिमी, तर दिवसाचा खर्च साध्याचा २,७०० च्या जवळ आणि दुसऱ्याचा २,५०० होतो. पावणेचारपट महाग वाटणारी वस्तू अशी बरोबरीला येते. उलट, कोणी ओल्या ट्रॅकवर सावकाश फिरणार असेल आणि साधा पॅड दिवसाला मिलिमीटरभरच जाणार असेल, तर महागडा सेट घेणे ही निव्वळ हौस ठरते. ती हौस करू नये असे माझे म्हणणे नाही. तिला बचत म्हणू नये, इतकेच.

५ मिमीची मर्यादा अनेकांना उधळपट्टी वाटते. मी ज्या गॅरेजमध्ये जातो तेथील मिस्त्री काढलेले पॅड हातात घेऊन म्हणतात, “साहेब, हे अजून वर्षभर चालतील.” त्यांचे बरोबरच आहे, कारण ते सीबीएस ते नाशिक रोड अशा शहरातल्या फेऱ्यांच्या वर्षाबद्दल बोलत असतात. पण पॅडचा थर हा डिस्क आणि कॅलिपरच्या पिस्टनमधला उष्णतेचा अडसरही असतो. तो पातळ झाला की उष्णता पिस्टनमधून ब्रेक ऑइलपर्यंत लवकर पोहोचते. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंश आहे. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, ते दाबले जातात आणि पेडल थेट तळाला जाते. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसानंतर जुन्या ऑइलवर ट्रॅकवर जाणे मला पटत नाही. ऑइलची बाटली आणि ब्लीडिंगची (जुने ऑइल व हवा काढून नवे भरण्याची) मजुरी मिळूनही पॅडच्या एका मिलिमीटरएवढाच खर्च येतो. अर्धे उरलेले साधे पॅड मी टाकत नाही. त्यांवर तडे गेले नसतील आणि पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला नसेल, तर ते शहरातल्या वापरासाठी परत बसवतो.

मोजमाप व्हर्नियरने (जाडी मोजायच्या सरकपट्टीने) आणि पॅड बाहेर काढूनच करावे. चाकाच्या आऱ्यांतून डोकावले तर बाहेरचा पॅड दिसतो, आणि सरकत्या कॅलिपरमध्ये बहुधा आतला पॅड अधिक घासलेला असतो. कॅलिपरच्या पिनांमधले ग्रीस वाळले असेल तर हा फरक आणखी वाढतो. चारही पॅडमधला सर्वांत पातळ भाग हाच हिशेबाचा आकडा. सरासरी काढून उपयोग नाही, कारण सेट बदलायची वेळ सर्वांत पातळ पॅड ठरवतो.

झीज कमी करण्याचा बिनखर्ची उपाय विचाराल, तर तो सरळ पट्ट्याच्या शेवटी आहे. १६० ऐवजी १५० वरच पाय उचलला आणि तेथून ८० वर आलात, तर त्या ब्रेकमधली उष्णता सुमारे सहाव्या हिश्श्याने कमी होते, आणि फेरीच्या वेळेत जाणारा सेकंदाचा अंश हौशी चालकाच्या लक्षातही येत नाही. दोन-तीन वेगवान फेऱ्यांनंतर एक फेरी शक्य तितकी ब्रेक न लावता, सावकाश घ्यावी. ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत वळणात घाई केली, तर यंत्रणा आपण होऊन एकेका चाकाला ब्रेक लावत राहते. ती झीज आपल्या पायाच्या खात्यावर दिसत नाही, पण पॅडवर दिसते. पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यावर) आल्यावर तापलेल्या डिस्कवर पाय दाबून उभे राहू नये, कारण पॅडचा थर एकाच जागी चिकटतो आणि मग ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरू लागते. बऱ्याचदा लोक त्याला ‘डिस्क वाकडी झाली’ म्हणतात आणि नवी डिस्क घेतात.

नाशिककरांच्या हिशेबात आणखी एक रकाना असतो, तो परतीचा. कोइम्बतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर गाडी स्वतः चालवत नेली, तर बेंगळुरू-पुणे मार्गे एका बाजूचे अंतर चौदाशे किलोमीटरच्या आसपास होते, आणि परतताना शेवटच्या टप्प्यात चंदनापुरी घाट असतो. ट्रॅकचे पॅड थंड असताना करकरतात, पहिल्या ब्रेकला कमी पकडतात आणि त्यांतले काही थंडपणी डिस्कच कापतात. म्हणून जाता-येता साधे पॅड आणि तेथे पोहोचल्यावर ट्रॅकचे, अशी अदलाबदल मी करतो. मात्र एकाच डिस्कवर दोन प्रकारचे पॅड फिरवले, तर आधीच्या मिश्रणाचा थर निघून नवा बसेपर्यंत पकड एकसारखी राहत नाही, त्यामुळे दर वेळी नव्याने बेडिंग (पॅडचा थर डिस्कवर नीट बसवणे) करावे लागते आणि त्यातही थोडा पॅड जातो. डिस्कचे दोन वेगळे जोड ठेवणे हा त्यावरचा शुद्ध उपाय आहे. डिकीतली जागा आणि घरातली शांतता, दोन्हींच्या दृष्टीने मला तो अजून जमलेला नाही.

डिस्कही या हिशेबात धरावी लागते. तिच्यावर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. नवी २२ मिमीची असेल तर तो बहुधा २० च्या आसपास असतो, म्हणजे दोन्ही बाजू मिळून जेमतेम दोन मिलिमीटर हाताशी. अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींमुळे आपल्याकडे डिस्क लेथवर घेऊन सपाट करून देणारे सहज मिळतात, काम स्वच्छ करतात आणि पैसेही थोडे घेतात. पण त्या एका फेऱ्यात या दोन मिलिमीटरांतला मोठा हिस्सा भुशात जातो, आणि हलकी झालेली डिस्क पुढच्या वेळी अधिक तापून पॅड अधिक खाते. शहरातल्या गाडीसाठी मी हे काम बिनदिक्कत करून घेतो. ट्रॅकवर जाणाऱ्या डिस्कसाठी नाही.