पेडल घेण्याआधी ते उघडून बघा

माझ्याकडे गिटार शिकायला येणारी मुलं पेडल (गिटारचा आवाज बदलणारं, पायाने चालवायचं खोकं) घ्यायची वेळ आली की हमखास विचारतात, "ताई, नवा क्लोन घेऊ की नावाजलेल्या कंपनीचं सेकंडहँड?" क्लोन म्हणजे नावाजलेल्या पेडलच्या सर्किटची दुसऱ्या कंपनीने बनवलेली नक्कल. उत्तर पेडल कुठलं आहे त्यावर ठरतं. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज किंचित फाटका करणारं पेडल, हवं असेल तर बिनधास्त नवा क्लोन घ्या. डिले, म्हणजे प्रतिध्वनी देणारं पेडल, हवं असेल तर सेकंडहँड शोधा. मी पेडलं वाजवते तशी दुरुस्तही करते, त्यामुळे हे मत झाकण उघडून बनलेलं आहे.

ओव्हरड्राइव्हच्या आत फारसं काही नसतं. इबानेझचं टीएस८०८ घ्या. त्यात आवाज घडवणारं म्हणजे एक ४५५८ ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी चिप), दोन डायोड आणि मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर. हे सगळं आजही सहज मिळतं. त्या पेडलचा मिड्स (मधल्या पट्टीतले सूर) पुढे आणणारा आवाज मुख्यतः एका जोडीतून येतो: ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. त्यांच्यामुळे साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी वाढवला जातो, म्हणून जाड तारा डिस्टॉर्ट होऊन गढूळ होत नाहीत आणि बेस गिटारच्या वाटेत येत नाहीत. क्लोनमध्ये हीच मूल्यं असली की आवाज त्याच गावाला पोचतो. जॉयोचं व्हिंटेज ओव्हरड्राइव्ह किंवा बेहरिंगरचं टीओ८०० मूळ पेडलशेजारी ठेवा आणि ड्रम सुरू असताना वाजवा. मला फरक ओळखता येत नाही. बेस थोडा जास्त हवा असेल तर ०.०४७ च्या जागी ०.१ चा कपॅसिटर लावता येतो, आणि स्वस्त पेडलवर सोल्डरिंग शिकताना हात थरथरत नाही. माझं तर आग्रहाचं सांगणं आहे की हा बदल प्रत्येकाने एकदा स्वतःच्या हाताने करून बघावा. आपल्या आवाजात काय चाललंय ते तेव्हा कळतं.

क्लोन घेणं बरोबर का, असंही कुणीतरी विचारतंच. बिल फिनेगन यांनी १९९४ मध्ये क्लॉन सेंटॉर हे ओव्हरड्राइव्ह आणलं, तेव्हा सर्किट कुणाला दिसू नये म्हणून बोर्डावर इपॉक्सी (घट्ट होणारा चिकट राळ) ओतली होती. सुमारे आठ हजार पेडलं बनली. लोकांनी इपॉक्सी खरवडून सर्किट उलगडलं, आणि आज इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या सोल फूडसारखी कितीतरी पेडलं त्याच आराखड्यावर उभी आहेत. ज्यांना मूळ पेडल कधीच परवडलं नसतं त्यांच्या पायाखाली तो आवाज आला, याचा मला आनंदच आहे. खोक्याचं रूप उचलणं मात्र मला पटत नाही. २००५ मध्ये रोलंडने बेहरिंगरवर खटला भरला तो रोलंडच्याच बॉस या ब्रँडच्या पेडलांसारख्या दिसण्यावरूनच. पुढे तडजोड झाली आणि बेहरिंगरने खोकी बदलली. आणि दुसऱ्याचं नाव छापून विकलेली नक्कल ही सरळ फसवणूक. सेकंडहँडमध्ये तिच्यापासून जपा.

स्वस्त क्लोन कमी पडतो तो अंगाने, म्हणजे बांधणीत. ट्रू बायपास पेडलात (बंद असताना आवाज सर्किटला वगळून जातो अशा) गिटारचा आवाज थेट फूटस्विचमधून जातो, आणि तो स्विच झिजतो. मिनी पेडलांत तर बहुधा जॅक, नॉब, स्विच सगळं थेट बोर्डावर सोल्डर केलेलं असतं. पाय जोरात पडला की ताण त्या जोडांवर येतो. भाग इतके बारीक की साध्या सोल्डरिंग आयर्नने दुरुस्ती अवघड. याउलट बॉसचं जुनं डीएस-१ हे डिस्टॉर्शन पेडल बघा. १९७८ पासून ते बनतंय. पाय पडतो तो रुंद पट्टीवर, खालचं छोटं बटण फक्त इलेक्ट्रॉनिक स्विचला इशारा देतं. बटण गेलं तर नवं लावा, पेडल पुन्हा उभं. रोज स्टेजवर पाय पडणार असेल तर ओव्हरड्राइव्हसुद्धा असं घ्यावं.

आता डिले. 'ॲनालॉग' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच स्वस्त डिलेंच्या आत पीटी२३९९ नावाची चिप असते. ती डिजिटल आहे. छोट्या प्रतिध्वनीला ती गोड वाजते, पण साधारण ३४० मिलिसेकंदांच्या पुढे ताणली की खरखर वाढते. लांब, स्वच्छ रिपीट हवे असतील तर जुना चांगला डिजिटल डिले कधीही वरचढ. फक्त त्याची मुख्य चिप गेली तर दुरुस्ती जवळपास संपलीच, म्हणून घेण्याआधी प्रत्येक मोड आणि प्रत्येक नॉब टोकापासून टोकापर्यंत तपासा.

सेकंडहँड बघायला जाताना स्वतःची केबल, पॅच केबल (दोन पेडलं जोडणारी छोटी केबल) आणि ९ व्होल्टची नवी बॅटरी न्या. जॅक हलवून बघा, आवाज तुटतो का. नॉब फिरवताना खरखर झाली तर घाबरू नका, बहुतेक वेळा कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. बॅटरीचा कप्पा उघडाच. हिरवट-पांढरी बुरशीसारखी पुटं दिसली तर बॅटरी गळली आहे, आणि ती बोर्डापर्यंत पोचली असेल तर सोडून द्या. स्क्रू काढायला विकणारा नाही म्हणाला तर मी तिथूनच परतते.

'बंद पडलंय' म्हणून विकायला ठेवलेल्या पेडलांत कधी कधी खजिना असतो. उलट्या पोलॅरिटीचा (प्लस-मायनस उलटा असलेला) अडॅप्टर लावल्याने आतला संरक्षक डायोड जळतो, आणि बाकी पेडल बऱ्याचदा शाबूत राहतं. बॉसच्या जुन्या पेडलांवर 'एसीए' (बॉसच्या जुन्या अडॅप्टरचं नाव) लिहिलेलं असतं. ती हल्लीच्या स्थिर ९ व्होल्टवर एकटी लावली की एलईडी मंद पेटतो आणि आवाज मरगळतो, कारण अडॅप्टरच्या वाटेवर आतच थोडं व्होल्टेज खाल्लं जातं. बॅटरी घाला. नीट वाजलं तर पेडल धडधाकट आहे. घरी ते ९ व्होल्टच्या दुसऱ्या नव्या पेडलला पॅच केबलने जोडा आणि दोन्ही एकाच डेझी चेनवर (एका अडॅप्टरवरून अनेक पेडलांना वीज देणाऱ्या तारेवर) लावा, म्हणजे त्याला पूर्ण व्होल्टेज मिळतं.