दहा पाकळ्यांचा घोळ

उंच डोंगरउतारावरील गवताळ पट्ट्यात वनस्पतींची नोंद करीत असताना, गुडघे टेकल्याशिवाय नजरेस पडणार नाही एवढेसे एक निळे फूल माझ्या सहकाऱ्याने दाखवले. अख्खे रोपटे बोटभरही नव्हते. समोरासमोर जोडीने आलेली पाने आणि तळाशी जुळून नळीसारख्या झालेल्या पाकळ्या एवढे नुसत्या डोळ्यांना कळत होते. परंतु नळीच्या काठावर एकाआड एक लहानमोठ्या अशा दहा पाकळ्या भरल्या आणि तेथेच आमचे काम अडले.

दहा पटींच्या भिंगाखाली पुंकेसर मात्र पाचच दिसले, निदलपुंजाचे दातेही पाचच. फुलाच्या रंगावर विसंबू नये, अवयवांची संख्या सहसा फसवत नाही, असे मी नवशिक्यांना आवर्जून सांगत आलो होतो. त्याच भरवशावर ओळख-कोष्टकाच्या (एकेक लक्षण तपासत वनस्पतीच्या नावापर्यंत नेणाऱ्या तक्त्याच्या) चुकीच्या शाखेत अर्धा तास घालवला. ‘त्या लहान पाकळ्या पातळ वाटतात,’ ही सहकाऱ्याची शंका मी काहीशा आढ्यतेने उडवून लावली, हेही कबूल केले पाहिजे.

तेवढ्यात ढग आला, गारठा वाढला आणि फूल हळूहळू मिटू लागले. छायाचित्र हुकले म्हणून चरफडत मी भिंगातून पाहतच राहिलो. मोठे पाच भाग पीळ घेत एकमेकांवर आले आणि त्यांच्यामधले लहान पाच, छत्री मिटताना कापड काड्यांमध्ये दुमडावे तसे, आत जाऊन दिसेनासे झाले. त्या पाकळ्या नव्हत्याच; पाकळ्यांना जोडणाऱ्या चुण्या होत्या आणि जेंटियाना या प्रजातीची, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची, तीच ठळक खूण. त्याच कुलातील जेंटियानेलात अशा चुण्या नसतात.

जाती ठरवणे मात्र राहून गेले, कारण या प्रजातीत साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत आणि अशा चिमुकल्या रोपांच्या बाबतीत पक्व फळ व बी पाहिल्याखेरीज खात्री देणे धाडसाचे ठरते. आसपास वीसहून अधिक रोपे मोजल्यावरच एक उचलले. नमुना कागदात दाबून वाळवल्यावर चुण्या चपट्या होऊन ओळखू येत नाहीत, म्हणून त्याचेच दुसरे फूल उभे चिरून अल्कोहोलमध्ये ठेवले. वहीतील ‘दहा पाकळ्या’ ही नोंद, खाली वाचता येईल अशी, एका रेघेने खोडली आणि लेबलावर जातीची जागा कोरी सोडली. फळे धरल्यावर पुन्हा तेथे जायचे आहे.