'सहमत'वर केलेली खूण

"ज्या तज्ज्ञाला ठाम उत्तर देता येत नाही, त्याला बहुधा फारसं कळत नसतं."

एका प्रश्नावलीतल्या या वाक्यापुढे आज मी झटकन 'सहमत'वर खूण केली. पुढचं वाक्य वाचता वाचता परत मागे आले.

गेल्या वर्षी बाबांचा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले होते, "आत्ताच काही सांगता येणार नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासू." आम्ही दोन दिवसांत डॉक्टर बदलले. बाबा तेव्हा जिना उतरताना एवढंच म्हणाले, "खरं बोलले गं ते."

स्टॅन्ली बडनर यांची ही १९६२ची प्रश्नावली. १६ विधानं. संदिग्धता आपल्याला धोक्याची वाटते की हवीशी, ते त्यावरून मोजतात. त्याच्याही आधी मानसशास्त्रज्ञ एल्स फ्रेंकेल-ब्रुन्सविक यांनी कुत्र्याचं हळूहळू मांजर होत जाणारी चित्रं लोकांना दाखवली होती. काहीजण बराच वेळ 'कुत्राच' म्हणत राहिले. त्या चित्रांपाशी मी खूप वेळ अडकले. समोर मांजराचे कान दिसत असताना 'कुत्रा' म्हणायला किती भीती लागत असेल!

माझ्या उत्तरांच्या गुणांची बेरीज अजून केलेली नाही. बाबांचं ते वाक्य मात्र दिवसभर कानात आहे.

तुमचे डॉक्टर "आत्ता सांगता येत नाही" म्हणाले, तर तुम्ही थांबता?